आठ गुंठ्यांचा हट्ट

(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिकांकासाठी लेखन मागवल्याची सूचना फलकावर लागली तेव्हा मराठीच्या बाई वर्गात म्हणाल्या, "कविता पुष्कळ आल्या आहेत. कुणीतरी आपल्या घरातले, अनुभवातले काही गद्यात लिहा." आमच्या घरात लिहिण्याजोगे काय असणार, असे मनाशी म्हणत मी संध्याकाळच्या गाडीने घरी आले, तर ओटीवर आजोबा आणि बाबा यांची जुंपलेली. विषय तोच, गेले वर्षभर चाललेला. बांधाकडच्या ८ गुंठ्यांत येत्या पावसाळ्यात नांगर घालायचा की नाही? आई चुलीपाशी गप्प, आजी सुपात वाल निवडत गप्प. मी पिशवी खुंटीला लावली आणि म्हटले, हेच लिहावे. हे भांडण घरात आणणारी मीच आहे, हेही आरंभीच कबूल केलेले बरे.

माझे गाव जिते. पेण तालुक्यात, आपटा आणि हमरापूर या दोन स्थानकांच्या मध्ये आमचे स्थानक लागते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. बाबा नववीपर्यंत शिकले, आई चौथीपर्यंत, आजोबा सही करण्यापुरते. त्यामुळे कुठलाही सरकारी कागद घरात आला की तो माझ्या हातात येतो. "तू शिकलेली ना? मग वाच की," हे वाक्य ऐकले की अलीकडे माझ्या पोटात गोळा येतो. कारण कागदावरची अक्षरे मला वाचता येतात, त्यांचा अर्थ लागतोच असे नाही.

पेणचे गणपती साऱ्या मुलखाला ठाऊक आहेत. त्यांतले कितीतरी हमरापूर, जोहे या आमच्या बाजूच्या गावांत घडतात, हे मात्र पुष्कळांना माहीत नसते. बाबा अशाच एका कारखान्यात रंगकाम करतात. (कारखाना म्हटले की बाहेरच्या माणसाला धुराडे आठवते. आमच्याकडे कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, मूर्तींच्या रांगा आणि रंगाचा वास.) मृग लागला की दोन कामे एकदम अंगावर येतात. तिकडे गणपतींची घाई आणि इकडे भाताची लावणी. गणेशचतुर्थी कुणासाठी पुढे सरकत नाही आणि दाढीतले रोपही ताटकळत उभे राहत नाही. गावातले कर्ते हात सगळे कारखान्यात. म्हणून आमची लावणी आई, आजी आणि शेजारच्या आदिवासी वाडीवरून येणाऱ्या बायका करतात. आमची भातशेती ३५ गुंठे. तेवढ्यातच वर्षाचा तांदूळ भागवायचा, आणि भाद्रपदापर्यंत तो कसाबसा पुरतो.

जानेवारी २०२५ मध्ये, मी पहिल्या वर्षाला असताना, भूगोल विभागाची सहल नेरळला गेली होती. सहाध्यायांना ती आठवत असेल, निदान परतीच्या गाडीतल्या गाण्याच्या भेंड्या तरी आठवत असतील. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी भातशेतीची एक पद्धत बसवली आहे. 'सगुणा राईस तंत्र' असे तिचे नाव. सगळे एसआरटी म्हणतात. पहिल्या वर्षी जमीन एकदाच नांगरून गादीवाफे करायचे. त्यांच्यावर लोखंडी साच्याने २५ सेंटीमीटर अंतरावर भोके पाडायची आणि प्रत्येक भोकात तीन-चार दाणे टाकायचे. राब नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. भात कापल्यावर मुळे जमिनीतच राहू द्यायची, आणि पुढच्या वर्षी नांगर लावायचा नाही. त्याच वाफ्यावर, त्याच खुंटांच्या बाजूला पुन्हा भोके. मुळे कुजतात, त्यांच्या वाटांनी हवा आणि पाणी खाली जाते, गांडुळे वाढतात, आणि पावसाबरोबर माती वाहून जाण्याचे प्रमाण कमी होते. तिथल्या माणसाने फावड्याने वाफ्याचा एक काप काढून दाखवला. माती भोकाभोकांची, पावासारखी होती. मैत्रिणी फोटो काढत होत्या. मला एकच गोष्ट दिसत होती. जुलैत आईला कमरेत वाकून चालावे लागणार नाही.

घरी सांगितले तेव्हा आजोबा प्रथम हसले. "नांगर नाय, चिखल नाय, मग भात येल कशात? पोरी, तुला फिरायला धाडली का आमाला शिकवायला?" आजोबांना दोष देता येत नाही. आमच्याकडे भाताचे वर्ष सुरू होते तेच राबाने. उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, कवळाच्या फांद्या, गवत असे थरावर थर रचून रोपाची जागा भाजायची. तण मरते, रोप जोमाने येते. शेकडो वर्षे कोकणात हेच चालत आले. त्यासाठी झाडे ओरबाडली जातात, हे आजोबांनाही कळते. ते स्वतःच सांगतात की त्यांच्या लहानपणी कवळ दारामागे मिळत असे, आता अर्ध्या डोंगरावर चढावे लागते. तरीही राब न भाजता पेरणे म्हणजे त्यांना आंघोळ न करता देवाला बसल्यासारखे वाटते.

बाबांनी मात्र व्यवहाराचा प्रश्न विचारला, "याला सरकारचं काही अनुदान आहे का?"

आता मी शिकलेली! मी शोधायला बसले. आमच्या शेतकऱ्यांसाठी महाडीबीटी नावाचे संकेतस्थळ आहे. तिथे एकाच अर्जात अनेक योजना मागता येतात. मोबाईलवर बोटाने वर सरकवत सरकवत मी ती यादी संपवली. शेततळे होते, फळबाग होती, ठिबक होते, अवजारे होती. पॉवर टिलरला अल्पभूधारकांना, महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना ठरावीक मर्यादेपर्यंत ५० टक्के आणि इतरांना ४० टक्के अनुदान. रोटाव्हेटरला अनुदान. नांगराला अनुदान. आजोबांनी शेजारी बसून सगळे ऐकले आणि म्हणाले, "म्हंजे नांगरायचे पैशे मिलतात, न नांगरायचे नाय." मला त्यावर उत्तर सुचले नाही. अजूनही नीटसे सुचलेले नाही.

खोटे लिहू नये, म्हणून सांगते. सरकार अशा पद्धतींकडे बघतच नाही असे नाही. प्रात्यक्षिके होतात, गटाने भाग घेतला तर बियाणे-खते मिळू शकतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने नैसर्गिक शेतीचे राष्ट्रीय अभियान मंजूर केले. त्यात एकरी वर्षाला ४,००० रुपये, दोन वर्षे, अशी तरतूद आहे. पण त्याला ५० हेक्टरांचा, सव्वाशे शेतकऱ्यांचा गट लागतो. आमच्याकडे ८ गुंठे आणि एक हट्टी मुलगी एवढेच भांडवल. शिवाय कुठल्याही अनुदानाची वाट ठरलेली: अर्ज, निवड, पूर्वसंमती, मग आपल्या पैशाने खरेदी, बिल चढवणे, तपासणी, आणि शेवटी बँकेत रक्कम. आधी खिशातून घालायचे, नंतर मिळायचे. ज्याच्या खिशात आहे त्याला हे ठीक.

आणि एक अडचण. सातबाऱ्यावर आजोबांबरोबर त्यांच्या वारलेल्या भावाचे नाव अजून आहे, आणि त्याच्या वारसांपैकी एक काका मुंबईला असतात. सामाईक खाते म्हणजे संमतीपत्र हवे. काका एप्रिलमध्ये देवीच्या यात्रेला आले तेव्हा मी कागद पुढे केला. त्यांनी सही दिली, नाही म्हटले नाही. पण चहा पिताना म्हणाले, "अटल सेतू झाला, विमानतळ होतोय. जमिनीचा भाव गुंठ्यावर ठरतो गं, गांडुळांवर नाही." सगळे हसले. आजोबा हसले नाहीत.

अनुदान या शब्दाशी आजोबांचे जुने नाते आहे. घरामागच्या वरकस जमिनीवर आमची आंब्याची बाग आहे. ती त्यांनी १९९२ साली लावली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आपल्या राज्यात रोजगार हमी योजना आली, हे आपण राज्यशास्त्रात शिकलो. तिलाच जोडून १९९० पासून फळबाग लागवड सुरू झाली, आणि लहान शेतकऱ्याला आपल्याच पडीक जमिनीवर झाडे लावण्याचा खर्च सरकार देऊ लागले. कोकणातल्या कितीतरी उघड्याबोडक्या डोंगरउतारांवर आज जे आंबा-काजू दिसतात ते त्या पैशांतून उभे राहिले. आजोबांनी ४० कलमे लावली. एक मीटर लांब, रुंद, खोल असे ४० खड्डे कातळाच्या कडेला आजी-आजोबांनी दोघांनी खणले. पैसे तीन वर्षांत, टप्प्याटप्प्याने, आणि जेवढी झाडे जिवंत तेवढे. त्यामुळे दुसऱ्या उन्हाळ्यात आजीने विहिरीवरून डोक्यावर हंडे नेऊन कलमांना पाणी घातले. ती म्हणते, "तुझ्या बापाला कवा एवढं जपला नाय." तपासनीस आले, त्यांनी प्रत्येक झाडाला हात लावून मोजले. तपासणीच्या आदल्या रात्री मेलेल्या कलमांच्या जागी आंब्याच्या नुसत्या फांद्या खोचून ठेवणाऱ्यांच्या गोष्टीही आजोबा रंगवून सांगतात, पण त्या कुठल्या गावच्या हे विचारले की तंबाखू मळू लागतात. आज ४० पैकी २७ झाडे आहेत. माझ्या पहिल्या वर्षाच्या प्रवेशाचे पैसे त्यांच्याच आंब्यांतून आले.

तशीच एक योजना आता भाऊसाहेब फुंडकर यांच्या नावाने २०१८ पासून चालते. कोकणात १० गुंठ्यांपासून लाभ घेता येतो, आणि ५०, ३० व २० टक्के असे तीन हप्ते मिळतात. मात्र दुसऱ्या वर्षी ८० टक्के आणि तिसऱ्या वर्षी ९० टक्के झाडे जिवंत हवीत. मला ही अट फार आवडते. पैसा झाड लावण्याचा नाही, जगवण्याचा. पण आजोबांचे म्हणणे असे, "झाड मोजता येते बाय. गांडूळ कोन मोजल?"

मोजता येणे न येणे यावरून आत्या आठवते. तिचे सासर खारेपाटात. पेणच्या पश्चिमेला खाडीच्या कडेने समुद्राचे पाणी बांध घालून अडवायचे आणि आत गोड्या पावसावर भात घ्यायचे, ही तिकडची शेती. पूर्वी त्या बांधांची शिलोत्री पद्धत होती. ज्याने बांध घातला आणि राखला त्याला त्याबद्दल धान्यात हिस्सा मिळे. पुढे १९४८ साली खार जमिनींचा कायदा झाला, १९७९ साली नवा झाला, आणि मोठे बांध सरकारने हाती घेतले. उधाणाच्या भरतीपुढे गावकऱ्यांची टोपली-फावडी कितीशी पुरणार, तेव्हा ते बरोबरच झाले असेल. पण आत्या सांगते, आधी बांधाला उंदराचे भोक दिसले तरी दिसेल तो माणूस चिखलाचा गोळा लावून पुढे जाई. नंतर प्रत्येक जण म्हणू लागला, हे सरकारचे काम. तिच्या शेतात एकदा खांड पडून खारे पाणी शिरले ते शिरले. आता तिथे तिवरे उभी आहेत. ती हे रागाने सांगत नाही. पावसाविषयी बोलावे तसे सांगते.

असो. आमच्या ८ गुंठ्यांना अनुदान मिळायचे नव्हते. आईने एका रात्री निकाल लावला. "मामांजी, मी वाकते वीस वर्षं. एक वर्ष एवढा तुकडा माझ्या नावानं सोडा." सासऱ्यांपुढे आई इतके एका दमात बोलली ते मी प्रथमच ऐकले. आजोबा काही न बोलता उठून गेले आणि सकाळी ट्रॅक्टरवाल्याला निरोप देऊन आले.

ट्रॅक्टरच्या नांगरटीचे पैसे बाबांनी उचल घेऊन दिले. साचा पेणला वेल्डिंगच्या दुकानात करून घेतला. त्याचे पैसे माझे होते. उन्हाळ्यात मी कारखान्यात मूर्तींना पॉलिशपेपर मारायला जाते, ती मजुरी. दुसऱ्या वर्षाच्या फीसाठी ठेवली होती. (कार्यालयात फी उशिरा भरण्यासाठी अर्ज दिला होता तो याचसाठी. कारण म्हणून 'घरगुती अडचण' लिहिले होते. लोखंडी साचा लिहायला लाज वाटली.) एप्रिलच्या शेवटी आम्ही चौघांनी दोरी धरून वाफे ओढले. गावातले लोक बांधावर उभे राहून विचारीत, "वांगी लावताय का?"

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. २०२५ साली पावसाने मे महिन्यातच गाठले. २६ मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत पोचला, इतका लवकर तो नोंदींत कधी आला नव्हता. आमच्याकडे त्याच्या आधीपासूनच कोसळत होता. गावात कित्येकांचे राब भाजायचे राहिले. रचलेले कवळ भिजून त्याच्यावर कुत्र्याच्या छत्र्या आल्या. आमचेही उरलेल्या २७ गुंठ्यांचे रोप रडतखडत आले. पण वाफे तयार होते! उघडीप मिळाली तशी आम्ही साचा मारला. आजी दाणे टाकायला पुढे, मी साचा दाबायला मागे. दोन दिवसांत काम संपले, आणि आठवड्याने हिरव्या टाचण्या रांगेत उभ्या राहिल्या. आजोबा छत्री घेऊन दिवसातून तीनदा बांधावर. बोलत नव्हते, पण मोजत होते हे मी पाहिले.

मग तण आले. या पद्धतीत तणनाशक फवारतात. मी बाटली आणायची म्हटले तर आजोबा प्रथमच खरे चिडले. आमच्या शेतातून पाणी खालच्या ओहोळाला जाते, तिथे पहिल्या पावसात वलगणीचे मासे चढतात, बांधाच्या बिळांत मुठे असतात. "जमीन वाचवायला निघालीस आनि पान्यात इख ओततेस?" मला इथेही उत्तर सुचले नाही. पुस्तकात 'संवर्धन' हा एकच शब्द असतो. शेतावर त्याचे दोन तुकडे होतात आणि ते एकमेकांशी भांडतात. आम्ही फवारले नाही. म्हणजे हाताने बेणले. लावणीतून आईची कंबर सुटली ती बेणणीत सापडली. श्रावणात तिसरी बेणणी झाली तेव्हा आई माझ्याकडे बघून नुसती हसली. ते हसू मी विसरणार नाही. त्या आठवड्यात मी वर्गात दिसले नाही, सरांनी माफ करावे.

आणखी एक गोष्ट मला आधी सुचलीच नव्हती. जुलैत वाडीवरची एक मावशी आईला वाटेत भेटली. दरवर्षी आमच्या लावणीला ती येते, माझ्या जन्माआधीपासून. म्हणाली, "औंदा त्या तुकड्याला बोलावली नाय?" आईने सांगितले, लावणी नाहीच. ती म्हणाली, "बरा झाला तुमचा," आणि गेली. आमची जी मजुरी वाचली ती तिची बुडाली, हा हिशेब मी केलाच नव्हता. पुढे बेणणीला आईने तिलाच बोलावले. त्यामुळे तिचे भागले, पण आमची बचत गेली.

ऑक्टोबर संपत आला तरी पाऊस थांबेना. कापणीला आलेले भात सगळ्या जिल्ह्यात आडवे झाले. खाचरांत घोट्याएवढे पाणी. लोकांनी कापलेले कडपे पाण्यात तरंगले, लोंब्यांना मोड आले. आमच्या २७ गुंठ्यांचे तेच झाले. वाफ्यांवरचे भातही पडले, पण पाणी सरींतून वाहून जात होते आणि कडपे वाफ्याच्या पाठीवर कोरड्यात ठेवता आले. शेजारच्या काकांनी विचारले, "तुमच्या वाफ्यावर माझ्या चार पेंढ्या टाकू का?" 'वांगी लावताय का' म्हणणारे हेच. मी आजोबांकडे पाहिले. त्यांनी मान हलवली, पण चेहरा मात्र असा केला की जणू वाफे काढण्याची कल्पना त्यांचीच.

झोडणी झाली. त्या तुकड्यात बऱ्या वर्षी ७ मण भात होते. या वेळी साडेपाच झाले. तणाने खाल्ले, पहिल्या पेरणीत काही भोके रिकामी गेली, थोडे पावसाने नेले. उरलेल्या शेतातही नुकसान झालेच, तेव्हा दोष एकट्या वाफ्यांचा नाही. पण घरात हिशेब असा झाला की माझ्या हट्टापायी दीड मण भात कमी आले. सहा माणसांच्या घरात ते जवळजवळ एका महिन्याचे जेवण. राबाचा खर्च नाही, चिखलणीचे भाडे नाही, हे मी वहीत मांडून दाखवले. बाबांनी वही शांतपणे वाचली आणि मिटून परत दिली. विमा काढला होता का, असे कुणी विचारील. विम्यात आता अख्ख्या महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नावरून भरपाई ठरते. एका घराने नवे काही करून पाहिले आणि ते अर्धवट फसले, याची त्यात नोंद होण्याचे कारण नाही.

दिवाळीनंतर मी अर्थशास्त्राच्या सरांना हे सगळे सांगितले. सरांनी एक गोष्ट सांगितली ती मला फार लागली. अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात नांगरून नांगरून मोकळी झालेली माती वादळात उडाली. १९३५ साली मृदसंधारणाचा कायदा झाला, आणि पुढच्याच वर्षापासून मातीची निगा राखण्यासाठी शेतकऱ्यांना पैसे देण्यास सुरुवात झाली. २००२ च्या शेती कायद्यात नव्या संधारण पद्धती करून पाहण्यासाठी खास अनुदान आले, आणि २०१८ च्या कायद्याने त्यात शेतकऱ्याच्याच शेतावरच्या प्रयोगांची भर घातली. नवी पद्धत करून बघताना जो धोका पत्करावा लागतो, त्याची भरपाई म्हणून शेतकऱ्याला रक्कम. यंत्राची किंमत नव्हे, धोक्याची किंमत. तिकडची शेते आमच्या सबंध गावाएवढी, तेव्हा तुलना पुढे नेण्यात अर्थ नाही. पण घरी जाऊन मी आजोबांना ही गोष्ट सांगितली. ते थोडा वेळ विड्या वळल्यासारखी बोटे चोळत बसले. मग म्हणाले, "लिही अर्ज."

"कसला?"

"लिही. आमी नांगर न घालता भात करून बगतो. टिलर नको, पाइप नको. पैल्या साली भात कमी आला तर जेवढा कमी तेवढा भात सरकारनं द्यावा. जास्ती आला तर आमचा. तीन वरसं. तीन वरसांनी येऊन माती उकरून बगावी." मी लिहून घेतले. कुठल्या योजनेखाली, कुठल्या रकान्यात हा अर्ज बसतो ते मला सापडलेले नाही. तालुक्याला एका कार्यालयात दाखवला तेव्हा तिथल्या गृहस्थांनी तो दोनदा वाचला, चांगला आहे म्हणाले आणि परत दिला. तो आता माझ्या अर्थशास्त्राच्या वहीत आहे.

भात निघाल्यावर आम्ही वाफ्यांना हात लावला नाही. भाताच्या खुंटांमध्ये उरल्या ओलीवर वाल टोकले. जानेवारीत शेंगा भरल्या तेव्हा भांबुर्डीचा पाला घालून मडक्यात पोपटी लावली, बाबांच्या कारखान्यातले चार जण आले होते. मडके उलटे करून जाळ घालता घालता बाबांनी विषय काढला. शेंगा ठीक आहेत, पण पुढच्या साली तुकडा पुन्हा चिखलणीत घ्यायचा. दीड मण परवडत नाही, उचल अजून फिटलेली नाही. बाबा बोलतात ते खोटे नाही, आणि मी गप्प बसले.

उत्तर दिले ते आजोबांनी. म्हणाले, नांगर लागणार नाही. तेव्हापासून हे भांडण चालले आहे, आणि ज्या दिवशी मी फलकावरची सूचना वाचून घरी आले त्या दिवशीही तेच. बाबा म्हणत होते, गेल्या वर्षी तुम्हीच हसत होता. आजोबा म्हणत होते, हसलो तवा मुळं बगितली नव्हती. माझ्याकडे दोघांनीही पाहिले नाही. मी हातपाय धुऊन चुलीपाशी आईजवळ बसले आणि हळूच विचारले, "तुला काय वाटतं?" आई म्हणाली, "तण उगवायच्या आधी बेणायला तुझी परीक्षा कधी संपते ते सांग."

परीक्षा एप्रिलमध्ये संपते. साचा गोठ्यात टांगलेला आहे. त्याच्या दोन खुंट्या वाकल्या होत्या, त्या परवा आजोबांनी दगडावर ठोकून सरळ केल्या.